मांडी, मंडी आणि गुडघा : शरीरातले सांधे कसे असतात, कसे हलतात

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडची एखादी आजी दवाखान्यात जाऊन ‘मांडी दुखतेय’ म्हणते आणि कन्नड बोलणारे डॉक्टर तिचा गुडघा तपासायला घेतात. यात चूक कोणाचीच नसते. मराठीत मांडी म्हणजे खुब्यापासून गुडघ्यापर्यंतचा भाग. कन्नडमध्ये ‘मंडी’ म्हणजे थेट गुडघा. आपल्या मांडीला तिथे ‘तोडे’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे वेगळीच गंमत आहे. मराठीतली जांघ म्हणजे पोट आणि मांडी जिथे मिळतात ती खाच, हिंदीतली ‘जाँघ’ म्हणजे अख्खी मांडी. मराठीतला घोटा पावलाच्या वर, तर हिंदीतला ‘घुटना’ त्याच्या हातभर वर. वडोदऱ्यात गुजराती ‘घूंटण’ हा गुडघा आणि ‘घूंटी’ हा घोटा. हैदराबादेत तेलुगूत गुडघा म्हणजे ‘मोकालु’, तिथे निदान सारख्या शब्दांचा घोळ तरी होत नाही.

एरवी हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट, पण सांध्यांच्या बाबतीत ती महागात पडू शकते. खुब्याचा सांधा, म्हणजे मांडीचे हाड कमरेच्या हाडात जिथे बसते ती जागा, बिघडला की दुखणे बहुतेक वेळा जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला जाणवते. काही जणांना तर ते फक्त गुडघ्यातच जाणवते, कारण खुबा आणि गुडघा या दोघांची खबर मेंदूपर्यंत नेणाऱ्या काही नसा एकच आहेत. लहान मूल ‘गुडघा दुखतो’ म्हणत लंगडत आले तर त्याचा खुबाही तपासायचा, हे डॉक्टरांना शिकत असतानाच सांगितलेले असते. शरीराची ही चकवेगिरी आणि शब्दांचा घोळ एकत्र आला की एक्स-रे भलत्याच सांध्याचा निघतो. म्हणून कोणता सांधा कुठे आहे, तो कशाचा बनलेला आहे आणि किती हलायला हवा, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असलेले बरे.

दोन हाडे मिळतात ती जागा

दोन किंवा अधिक हाडे जिथे एकमेकांना मिळतात तो सांधा. तो हललाच पाहिजे असे नाही. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण २०६ हाडे असतात आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक हाड कुठल्या ना कुठल्या शेजाऱ्याशी सांधलेले असते. अपवाद म्हणून जिभेच्या मुळाशी, गळ्यात असलेल्या घोड्याच्या नालासारख्या छोट्या कंठिकेचे नाव घेतात. ती स्नायू आणि दोऱ्यांसारख्या बंधांवर लटकलेली असते, दुसऱ्या कोणत्याही हाडाला टेकत नाही.

सांधे एकूण किती, याचे उत्तर मोजणाऱ्यावर अवलंबून असते. सुश्रुतसंहितेत २१० सांधे सांगितले आहेत : हातापायांत ६८, धडात ५९ आणि मानेपासून वर ८३. हलणारे आणि स्थिर असे त्यांचे दोन भागही तिथे केले आहेत. आजच्या पुस्तकांत आकडे कमीजास्त दिसतात, कारण कवटीची प्रत्येक शिवण आणि प्रत्येक दात वेगळा मोजायचा का, यावर सगळे ठरते. आकडा पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. सुश्रुतांनी सांध्यांच्या आठ प्रकारांना जी नावे दिली ती मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. उलूखल म्हणजे आपले उखळ. काख, जांघ आणि दात इथले सांधे त्यात घातले आहेत. वायसतुंड म्हणजे कावळ्याची चोच, तो जबड्याचा सांधा. तुन्नसेवनी म्हणजे कापडाची शिवण, ती कवटीवर. शाळेच्या पुस्तकातला ‘उखळी सांधा’ हा शब्द त्यामुळे आपल्याला उपरा वाटत नाही.

आजची विभागणी दोन हाडांच्या मध्ये काय भरले आहे यावरून होते. मध्ये घट्ट तंतू असतील तर हालचाल जवळपास नाहीच. मध्ये कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या कडेला हाताला लागते तसे लवचिक पण चिवट ऊतक असेल, तर थोडीशी हालचाल. आणि मध्ये पोकळी असून तिच्यात द्रव असेल तर सांधा मोकळेपणाने हलतो.

टाळू, दात आणि मणके

कवटीची हाडे करवतीच्या दातांसारखी एकमेकांत अडकलेली असतात आणि मधले तंतू त्यांना शिवून टाकतात. जन्माच्या वेळी ही शिवण पक्की नसते. बाळंत होताना डोके अरुंद वाटेतून यायचे असते आणि पुढे मेंदू झपाट्याने वाढायचा असतो, म्हणून हाडांमध्ये फटी ठेवलेल्या असतात. डोक्याच्या पुढच्या भागातली मोठी फट म्हणजेच बाळाची टाळू. मागची छोटी टाळू दोन-तीन महिन्यांत भरते, पुढची साधारण दीड वर्षापर्यंत, काही मुलांची त्याहून थोडी उशिरा. टाळूवर तेल थापल्याने ती लवकर भरते असे घरोघर मानतात. ती भरते हाडाच्या वाढीने, तेलाचा तिच्याशी संबंध नाही. घरातल्या बायकांची टाळूवरची नजर मात्र कामाची असते. जुलाब-उलट्या झालेल्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातले पाणी कमी झाले आहे. बाळ शांत असताना ती फुगून ताठ झालेली दिसली आणि सोबत ताप असेल, तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

दातही तंतूंनीच जबड्याच्या खोबणीत धरलेला असतो. खडा चावला गेला की दात किंचित दबतो आणि आपल्याला लगेच कळते, ते याच तंतूंमुळे.

कूर्चेच्या सांध्यांत सगळ्यात महत्त्वाचे मणके. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची एकेक गादी असते, अशा गाद्या २३. बाहेरून तंतूंची चिवट कडी आणि आत पाणीदार गर. दिवसभर उभे-बसून राहिल्याने गादीतले पाणी थोडे पिळून निघते, रात्री आडवे झाल्यावर ते परत भरते. त्यामुळे सकाळी उठल्यावर माणूस रात्रीपेक्षा सुमारे एक सेंटीमीटर उंच असतो. दोन मणक्यांच्या मधली हालचाल अगदी थोडी असते, पण ती थोडी-थोडी मिळून आपण वाकून चपलेचा पट्टा लावू शकतो.

ओटीपोटाच्या खाली, पुढच्या बाजूला दोन हाडे जिथे मिळतात तिथेही कूर्चाच असते. गरोदरपणात हा सांधा सैल होतो. काही बायकांना शेवटच्या महिन्यांत कूस बदलताना, जिना चढताना तिथे कळ येते ती यामुळेच.

वंगण संपले, गॅप पडला

हात-पाय-बोटांचे बहुतेक सांधे द्रव असलेले, म्हणजे मोकळे हलणारे. यांच्या आतली रचना सगळीकडे सारखीच असते. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढुरक्या कूर्चेचा थर असतो. गुडघ्यात तो बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर जाडीचा. सांध्याभोवती तंतूंची पिशवी, आणि पिशवीला आतून एक नाजूक अस्तर. हे अस्तर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकटसर द्रव पाझरवते. हाडाला हाड धरून ठेवणारे पट्टे म्हणजे बंध, तर स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या म्हणजे कंडरा. बंध सांध्याला भलतीकडे जाऊ देत नाहीत, कंडरा त्याला ओढून हलवतात.

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे वाक्य साठी उलटलेल्या जवळपास प्रत्येकाने ऐकलेले असते. निरोगी गुडघ्यातही हा द्रव चहाच्या चमचाभरापेक्षा कमीच असतो. आणि गुडघा बिघडला, सुजला की तो बहुधा वाढतो. ‘पाणी झालंय’ म्हणून डॉक्टर सुईने काढतात ते हेच. फक्त ते पातळ झालेले असते, त्याची चिकटाई गेलेली असते. म्हणजे प्रश्न वंगणाच्या टाकीचा नाही. झिजलेली असते ती कूर्चा.

एक्स-रेत कूर्चा दिसत नाही. हाडे पांढरी दिसतात आणि त्यांच्या मध्ये काळी जागा. ती काळी जागा रिकामी नसते, तिथे कूर्चा असते. म्हणून ‘गॅप कमी झालाय’ याचा अर्थ कूर्चेचा थर पातळ झाला. मणक्यांच्या पेशंटला मात्र ‘गॅप पडलाय’ असे सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. खरे तर तिथेही गादी सुकून अंतर कमीच झालेले असते. हा ‘गॅप’ शब्द मराठी, कन्नड, हिंदी सगळीकडे सारखाच चालतो आणि सगळीकडे सारखाच फसवतो.

कूर्चेबद्दल दोन गोष्टी लक्षात घेतल्या की सांध्यांचे बरेचसे कोडे सुटते. तिच्यात नसा नाहीत, आणि तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत.

नसा नसल्यामुळे ती झिजू लागते तेव्हा दुखत नाही. दुखते ते पुढे, जेव्हा खालचे हाड, पिशवी, अस्तर यांच्यावर ताण येतो. त्यामुळे एक्स-रे आणि दुखणे यांचा मेळ नेहमी बसत नाही. एखाद्याचा एक्स-रे घाबरवणारा असतो आणि तो शेताच्या बांधावरून बिनदिक्कत चालत असतो. दुसऱ्याच्या फोटोत फारसे काही नसते आणि त्याला जिना चढवत नाही.

रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिला खाणे-पिणे पोहोचते ते सांध्यातल्या द्रवातून. भार आला की कूर्चा स्पंजासारखी दबते, द्रव बाहेर जातो; भार उठला की ताजा द्रव आत शोषला जातो. चालणे, उठणे-बसणे हाच कूर्चेचा घास-पाणी. पाय प्लास्टरमध्ये आठवडेच्या आठवडे राहिला की कूर्चाही पातळ होऊ लागते. ‘गुडघे झिजलेत, आता चालणं बंद’ हा सल्ला शेजारीपाजारी फार प्रेमाने देतात, पण बसून राहिल्याने कूर्चेची उपासमार होते आणि मांडीचा स्नायू बारीक होतो. मग सगळा भार उघड्या सांध्यावर येतो. सूज, ठणका असेल त्या दोन-चार दिवसांत आराम ठीक. त्यापुढे सपाट जमिनीवर झेपेल तेवढे चालणे आणि खुर्चीत बसून पाय सरळ करून काही सेकंद ताठ धरणे, हा जगभरच्या उपचारांचा पहिला भाग आहे. गोळ्या, इंजेक्शन त्यानंतर.

उखळ, बिजागरी, खोगीर

मोकळ्या सांध्यांचे सहा प्रकार मानतात. हाडांच्या टोकांचा आकार पाहिला की सांधा कोणत्या दिशेला हलणार हे कळते, जसे दाराची बिजागरी पाहून दार कुठे उघडणार ते कळते.

उखळी सांधे दोनच मोठे : खांदा आणि खुबा. दोन्हींत एका हाडाचा गोळा दुसऱ्याच्या खळग्यात. दोघांचा स्वभाव मात्र उलटा. खुब्याचा खळगा खोल असतो, गोळा त्यात चांगला रुतून बसतो. साधे चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो आणि तो निमूट सोसतो. खांद्याचा खळगा उथळ, बशीसारखा. दंडाच्या हाडाच्या डोक्याचा जेमतेम तिसरा-चौथा भाग एका वेळी त्याला टेकतो. त्यामुळे हात पुढे, मागे, वर, गोल कसाही फिरतो, आणि त्यामुळेच मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच. निखळतो तोही बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

तालमीत किंवा कबड्डीच्या मैदानावर खांदा निखळला की ‘हाड बसवणाऱ्या’कडे धाव घ्यायची सवय सीमाभागात अजून आहे. तो ओढून बसतोही कधी कधी. पण सोबत हाड मोडलेले असेल तर ओढण्याने तुकडा सरकतो, आणि खांद्याला वळसा घालून जाणारी नस दुखावली तर हात वर उचलण्याची ताकद जाते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आला आहे का, हे डॉक्टर आधी बघतात ते त्या नसेसाठी. एक्स-रे आधी, ओढणे नंतर.

खांद्याचेच दुसरे दुखणे म्हणजे तो गोठणे. सांध्याची पिशवी जाड होते, आकसते. टॉवेलने पाठ पुसता येत नाही, ब्लाऊजचा मागचा हूक लावता येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही. चाळिशी-साठीच्या दरम्यान आणि मधुमेह असलेल्यांना हे जास्त होते. बहुतेकांचा खांदा सुटतो, पण त्याला महिने, कधी दोन-तीन वर्षेही लागतात.

बिजागरीचा सांधा म्हणजे कोपर, बोटांची पेरे, घोटा. एकाच रेषेत वाकणे आणि सरळ होणे. कोपर साधारण १४५ अंशांपर्यंत वाकते. पण कोपराजवळच एक दुसराही सांधा दडलेला आहे. हाताची दोन हाडे एकमेकांवरून फिरतात आणि तळवा वर-खाली होतो. कुलपात किल्ली फिरवताना, भाकरी एका हातावरून दुसऱ्यावर पलटताना काम करतो तो हा. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एका हाताने हिसका देऊन उचलले की या हाडाचे डोके त्याच्या कड्यातून निसटते. मूल हात लोंबता ठेवून रडत राहते, खेळणे पुढे केले तरी त्या हाताने घेत नाही. सूज दिसत नाही म्हणून घरचे ‘हट्ट करतंय’ समजतात. डॉक्टर ते क्षणात बसवतात. मुलाला उचलायचे ते दोन्ही काखांत हात घालून.

फिरत्या सांध्याचा सगळ्यात सुंदर नमुना मानेत आहे. जात्याच्या खालच्या दगडाच्या मधोमध उभा असलेला खिळा आणि त्याच्याभोवती फिरणारा वरचा दगड डोळ्यांसमोर आणावा. मानेच्या दुसऱ्या मणक्याला असाच उभा दात असतो आणि पहिला मणका कड्यासारखा त्याच्याभोवती फिरतो. ‘नाही’ म्हणून मान हलवतो ती इथे. मान वळवण्याची जवळपास निम्मी हालचाल या एका सांध्यात होते. ‘हो’ म्हणायची जागा वेगळी, ती त्याच्याही वर, कवटी आणि पहिला मणका यांच्या मध्ये. दक्षिणेकडे मान डोलावून जे हो-नाहीच्या मधले उत्तर देतात, त्याला बाकीच्या मानेचीही मदत लागते.

अंगठ्याच्या मुळाशी खोगिरी सांधा आहे. घोड्याच्या पाठीवर खोगीर बसते तशी दोन हाडे एकमेकांवर आडवी बसलेली. त्यामुळे अंगठा बाकीच्या चारही बोटांना जाऊन भेटतो. सुई धरणे, पेन धरणे, शेंगा फोडणे सगळे त्याच्या जिवावर. उतारवयात, विशेषतः बायकांचा, हा सांधा लवकर झिजतो. बरणीचे झाकण फिरवताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते ती बरेचदा याची. मनगटाचा सांधा लंबगोल; तो वर-खाली, डावा-उजवा होतो, पण स्वतःभोवती फिरत नाही. मनगट फिरल्यासारखे वाटते ते खरे कोपरापासूनचे फिरणे. (मराठी मनगट आणि कन्नड-तेलुगू ‘मणिकट्टु’ हे शब्द इतके जवळचे आहेत की इथे तरी भाषेचा अडसर येऊ नये.) हातापावलांतल्या छोट्या चपट्या हाडांमध्ये सरकते सांधे असतात, एकेकटे पाहिले तर नगण्य.

जबडा कोणत्याच एका खान्यात बसत नाही. तोंड उघडताना तो आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे सरकतो. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले की हे बोटाला लागते. साधारणपणे आपलीच तीन बोटे उभी तोंडात मावायला हवीत.

गुडघा

शरीरातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त शिव्या खाणारा सांधा. बिजागरी म्हणून त्याला शिकवतात, पण तो नुसती बिजागरी असता तर इतका गुंतागुंतीचा झालाच नसता. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या जवळपास सपाट माथ्यावर टेकतात, म्हणजे हाडांचा आकार त्याला काहीच आधार देत नाही. तो आधार देतात दोन चंद्रकोरीसारख्या गाद्या, चार मुख्य बंध आणि पुढची वाटी ज्याच्या कंडरेत बसली आहे तो मांडीचा दणकट स्नायू. चारांपैकी दोन बंध सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात.

गुडघा पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे हाड नडगीवर किंचित आत वळते आणि सांधा कुलूप लागल्यासारखा पक्का होतो. त्यामुळे रांगेत तासभर उभे राहिले तरी मांडीच्या स्नायूला सतत ताण द्यावा लागत नाही. वाकायचे ठरले की गुडघ्याच्या मागचा एक छोटा स्नायू आधी हे कुलूप उघडतो. शाळेत मागून गुडघ्याला ढोसले की उभा मित्र खाली बसतो, त्याचे कारण हेच : कुलपाच्या भरवशावर मांडीचा स्नायू ढिला सोडलेला असतो.

कबड्डीत, कुस्तीत आणि गोव्याच्या फुटबॉल मैदानांवर फुलीतला पुढचा बंध तुटतो. पाय जमिनीत रोवलेला आणि अंग वळलेले, अशा वेळी आत ‘टक्’ असा आवाज येतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे आत बहुधा रक्त साचले आहे. दुखणे काही आठवड्यांत जाते, खेळाडू परत मैदानात उतरतो, आणि मग वळताना गुडघा अचानक निसटल्यासारखा होतो. तो तसाच खेळत राहिला तर गाद्याही फाटतात, आणि तिशी-चाळिशीत गुडघा म्हाताऱ्या माणसाचा होतो.

आपल्याकडे गुडघ्यावर आणखी एक काम टाकलेले आहे. खुर्चीवरून उठायला गुडघा ९० ते १०० अंशांच्या आसपास वाकला तरी भागते. उकिडवे बसायला, मांडी घालून पंगतीला बसायला, पाय दुमडून नमाज पढायला तो १४० ते १५० अंशांपर्यंत जावा लागतो. मांडी घालताना नुसता गुडघा वाकत नाही, खुबाही बाहेर फिरावा लागतो. ज्याला अलीकडे मांडी घालता येईनाशी झाली आहे त्याने गुडघ्याइतकाच खुब्यावरही संशय घ्यावा.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. बदलतात म्हणजे अख्खा गुडघा काढत नाहीत. झिजलेली टोके काही मिलिमीटर कापून त्यावर धातूची टोपी आणि मध्ये प्लॅस्टिकचा थर बसवतात. धातूवर प्लॅस्टिक घासण्याची ही कल्पना यशस्वी करून दाखवली ती इंग्लंडचे डॉक्टर जॉन चार्नली यांनी, १९६२ मध्ये, आणि तीही खुब्यासाठी. नवा गुडघा ११० ते १२० अंश वाकला की शस्त्रक्रिया चांगली झाली मानतात. म्हणजे चालणे, जिना, बाजार सगळे जमते, पण जमिनीवर बसायला डॉक्टर बहुधा मना करतात. जेवायला-पूजेला खाली बसायची सवय असलेल्या माणसाला हे शस्त्रक्रियेच्या आधी कोणीतरी नीट सांगायला हवे. नंतर कळले की फसवल्यासारखे वाटते.

बोटं मोडण्याचा आवाज

दृष्ट काढताना कानशिलावर बोटं मोडतात, रागाने शिव्याशाप देतानाही मोडतात. तो कडकड आवाज हाडांचा नसतो. सांधा ताणला की आतली जागा अचानक वाढते, दाब घटतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये हे चालू असताना टिपले. तोच सांधा लगेच परत वाजत नाही, साधारण वीस मिनिटे जावी लागतात. याने संधिवात होतो का? डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी साठेक वर्षे फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा हात तुलनेला ठेवला. दोन्ही हात सारखेच राहिले. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण २००९ मध्ये त्यांना या खटाटोपाबद्दल इग नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळाले. गुडघा नुसता वाजत असेल आणि दुखत-सुजत नसेल तर त्याचीही काळजी नको.

कोणते दुखणे थांबू शकते, कोणते नाही

सगळ्या सांधेदुखीला आपण ‘संधिवात’ म्हणतो आणि तिथेच गफलत होते. झिजेचे दुखणे चालल्यावर वाढते, बसल्यावर कमी होते. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवाताचे उलटे. त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. दोन्ही हातांची छोटी पेरे, मनगटे एकाच वेळी सुजतात, सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही, हालचालीने थोडे बरे वाटते. हे तिशीतल्या बाईलाही होते. इथे ‘वयाचं दुखणं’ म्हणून तेल चोळत बसलेले महिने परत मिळत नाहीत, कारण औषधे पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाकडे होणे बरेच टळते. रात्री अचानक पायाच्या अंगठ्याचे मूळ लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसेना, तर ते बहुधा युरिक आम्लाचे स्फटिक.

तापानंतरची सांधेदुखी आपल्या भागाला चांगली ओळखीची आहे. २००५-०६ मध्ये कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात चिकुनगुन्याची मोठी साथ आली. गावेच्या गावे वाकून चालत होती. हा शब्द आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेतला, अर्थही ‘वाकवून टाकणारा’ असाच. ते दुखणे काहींना महिनोन् महिने पुरले, पण बहुतेकांचे हळूहळू गेले.

एकच सांधा गरम, लाल, टम्म सुजलेला, हलवता न येणारा आणि सोबत ताप-थंडी असेल तर मात्र वाट पाहायची नसते. सांध्यात पू झालेला असू शकतो आणि तो काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. लहान मुलांत आणि मधुमेहींत याची जास्त धास्ती. त्याच दिवशी मोठे इस्पितळ गाठायला हवे.

दवाखान्यात भाषा आडवी येत असेल तर शब्दावर विसंबू नये, एका बोटाने जागा दाखवावी. कन्नड आणि तेलुगू दोन्हींत सांध्याला ‘कीलु’ म्हणतात, तेवढा शब्द पुरतो. सकाळी किती वेळ ताठर राहते, चालल्यावर वाढते की कमी होते, आधी काय करता येत होते जे आता येत नाही, हे सांगितले तर डॉक्टरांना एक्स-रेइतकीच मदत होते. जांघेत दुखते की गुडघ्यात, हे वेगळे सांगावे.

आणि काठी. गुडघा किंवा खुबा दुखतो म्हणून काठी घेणारे बरेच जण ती दुखऱ्या बाजूच्याच हातात धरतात. ती विरुद्ध हातात हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवे पाऊल व काठी एकदम पुढे. असे केले की वजन दोन ठिकाणी वाटले जाते आणि दुखऱ्या सांध्यावरचा भार खरोखर उतरतो. काठीची उंची उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत. टोकाला रबर असावे, आणि ते गुळगुळीत झाले की बदलावे.